कॅरव्हॅनच्या छपराची गळती: शोधायची कशी, बुजवायची कशी

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गुहागर, गणपतीपुळे, तारकर्लीच्या बाजूला आता चाकांवरची घरं अधूनमधून नजरेस पडतात. काही गाड्या इंजिनासकट असतात, काही नुसते ट्रेलर, जीपच्या मागे ओढून न्यायचे. थंडीत त्या उत्तम चालतात. खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. आतल्या छताला पिवळट डाग पडतो, गादीला कुबट वास येतो, मालक गाडी गॅरेजला नेतो. तिथे डागाच्या बरोबर वर सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी केली जाते. पुढच्या पावसात पाणी दुसऱ्याच कोपऱ्यातून येतं. असं का होतं, हे एकदा कळलं की दुरुस्ती फार अवघड नाही.

## पत्रा गळत नाही, जोड गळतो

आपल्याकडे बांधलेल्या कॅरव्हॅनचं छप्पर बहुधा फायबरचं किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं असतं. परदेशी बनावटीच्या ट्रेलरवर बऱ्याचदा रबराचा सलग पडदा ताणलेला असतो. त्याखाली प्लाय, फोम आणि लोखंडी किंवा लाकडी सांगाडा. यातला वरचा सलग भाग सहसा गळत नाही. पाणी शिरतं ते जोडातून.

कोकणातल्या कौलारू घराला कुणी डिंक लावत नाही. छपराला उतार असतो, वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं आणि पाणी एकावरून दुसऱ्यावर घरंगळत पागोळ्यांतून खाली पडतं. बारीक फट राहिली तरी आत यायला पाण्याला उलटं चढावं लागेल, म्हणून घर कोरडं राहतं. कॅरव्हॅनला हा उतार परवडत नाही, कारण उंची वाढली की वारा लागतो आणि फांद्या अडकतात. त्यामुळे छप्पर जवळजवळ सपाट. त्यात व्हेंटसाठी, म्हणजे छतातल्या हवेच्या खिडकीसाठी, मोठं भोक. शिवाय एसी, सोलरची वायर, टॉयलेटच्या टाकीची हवानळी. प्रत्येक भोकाभोवती पाणी थोपवायचं काम एका चिकट, लवचिक थरावर सोपवलेलं असतं. हा थर म्हणजे सीलंट.

या सीलंटवर काय गुदरतं ते पाहा. पाच मीटर लांब ॲल्युमिनियमचा पत्रा तापमान ४० अंशांनी बदललं की साडेचार मिलिमीटरने लांबतो किंवा आखडतो. खालचा लोखंडी सांगाडा तेवढ्याच फरकाला जेमतेम अडीच मिलिमीटर हलतो. उरलेले दोन मिलिमीटर जोडांनी सोसायचे, रोज. त्यात घाटातले हादरे आणि खड्डे. सीलंट नवं असतं तोवर ताणतं आणि परत येतं. उन्हाने ते कडक झालं की कडेपासून सुटतं, आणि ही सुटलेली कड केसाइतकी बारीक असते.

किनाऱ्यावर यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. साध्या गॅल्व्हनाइज्ड स्क्रूचं डोकं गंजतं, गंज फुगतो आणि वरचं सीलंट आतून उचलतो. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमच्या पत्र्यात असेल आणि खारट ओल मिळाली, तर स्क्रूच्या आधी पत्राच झिजतो. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली की समजावं, तिथलं भोक मोठं होत चाललं आहे.

## डाग इथे, भोक तिकडे

आत शिरलेलं पाणी सरळ खाली पडत नाही. ते पत्रा आणि प्लाय यांच्यामधून सरकतं, वायरीच्या नळीतून किंवा सांगाड्याच्या पट्टीवरून वाहत जातं आणि जिथे अडतं तिथे थेंब सोडतं. बहुतेक वेळा ते दिव्याच्या किंवा व्हेंटच्या कापलेल्या कडेला उतरतं. म्हणून दिव्यातून पाणी टपकलं, तरी भोक पुढच्या कोपऱ्यात असू शकतं. शोध घेताना गाडी कोणत्या बाजूला कललेली होती हे आधी आठवावं. डागापासून चढाच्या दिशेने मागे जायचं, तिकडेच उगम सापडण्याची शक्यता जास्त.

काही गाड्या उभ्या असताना थेंबभर गळत नाहीत आणि भर पावसात मुंबई-गोवा महामार्गाने आल्या की पुढचं कपाट ओलं सापडतं. ताशी ८० किलोमीटर वेगाला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब पाण्याला सुमारे ३० मिलिमीटर वर ढकलू शकतो. पुढच्या पट्टीखालची एरवी निरुपद्रवी फट अशा वेळी पाणी आत ओढते. आणखी एक प्रकार दुपारी घडतो. उन्हात तापलेल्या छपरावर एकदम सर आली की पोकळीतली हवा थंड होऊन आकसते आणि कडेला साचलेलं पाणी बारीक भोकातून आत खेचलं जातं.

## गळती नसून घाम असेल तर?

हे आधी तपासावं, नाहीतर नको तिथे छप्पर उखडलं जातं. पाऊस नसतानाही पाणी येत असेल आणि ते फक्त एसी चालू असताना येत असेल, तर एसीच्या पाण्याची वाट तुंबलेली असते किंवा थंड नळीवरचं आवरण फाटलेलं असतं. कोकणच्या दमट हवेत थंड नळीवरून पाणी अक्षरशः निथळतं. छतावरच्या एसीखाली फोमची जाड गादी असते. तिचे बोल्ट आतून आवळता येतात आणि गादी मूळ जाडीच्या साधारण निम्म्यावर दबलेली असावी लागते. हादऱ्यांनी बोल्ट सैल झाले की पावसाचं पाणी तिथूनच उतरतं. बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत. गादी पुरती चेपली की तिचा उपयोग संपतो.

घामाचा डाग पसरट असतो, धातूच्या पट्ट्यांच्या रेषेत दिसतो. गळतीच्या डागाला तपकिरी कडा असते आणि प्रत्येक पावसागणिक ती एक एक वळी वाढत जाते.

## शोध: आधी डोळा, मग पाणी, मग हवा

छपरावर चढताना पायाखाली रुंद फळी टाकावी आणि वजन सांगाड्याच्या पट्ट्यांवर येईल असं बघावं. ओल्या छपरावर चढूच नये. आधी पुढचे आणि मागचे कोपरे पाहावेत, कारण छप्पर आणि भिंत यांचा जोड तिथे वळतो आणि ताण सगळ्यात जास्त तिथेच असतो. मग व्हेंटभोवतीचे स्क्रू, हवानळीची टोपी, सोलरचे पाय, वायर आत जाते ती जागा. व्हेंटवरचे प्लास्टिकचे घुमट उन्हाने ठिसूळ होतात. त्यांच्या बारीक चिरा बोट ओलं करून फिरवल्यावर दिसतात. सीलंटची कड नखाने उचलून पाहावी. उचलली गेली तर ते संपलेलं आहे, वरून कितीही चकचकीत दिसो.

दोन जागा हमखास निसटतात. एक म्हणजे बाजूची छत्री, म्हणजे सावलीसाठी बाहेर ताणायचं कापड, ज्या लांब पट्टीत अडकवतात ती पट्टी. तिच्यात हातभर अंतरात कितीतरी स्क्रू असतात आणि प्रत्येक स्क्रू भिंतीत भोक पाडून गेलेला असतो. दुसरी जागा म्हणजे पुढे वर लावलेले छोटे दिवे. किनाऱ्यावर सुरूच्या बनात गाडी लावणाऱ्यांनी छपराच्या कडेची पन्हळही बघावी. सुरूची सुईसारखी पानं तिथे गच्च बसतात, पाणी तुंबतं आणि जोडाच्या वर चढतं. पुष्कळदा पन्हळ साफ केली की अर्धी गळती थांबते.

ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र हाताशी असेल तर काम सोपं होतं. कोरडं लाकूड १५ टक्क्यांच्या खाली दाखवतं, २० च्या वर गेलं की काळजी. पण जुलैत कोकणात हवाच इतकी दमट असते की निरोगी प्लायही १७-१८ दाखवतं. म्हणून आकडा एकटा धरू नये. छताच्या मधल्या, खात्रीने कोरड्या जागेचा आकडा घ्यावा आणि बाकीच्या जागा त्याच्याशी ताडून पाहाव्यात.

पाण्याची चाचणी दोघांनी करावी, एक बाहेर नळी घेऊन, दुसरा आत बॅटरी घेऊन. आधी २३० व्होल्टची जोडणी काढावी आणि आतली वीजही बंद करावी. सुरुवात खालून करायची: खिडक्या, मग वरचे दिवे, मग छत्रीची पट्टी, मग छपराची कड आणि शेवटी छपरावरच्या वस्तू. प्रत्येक जागेवर दहा मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच उमगत नाही. प्रेशर वॉशर वापरू नये, तो धडधाकट जोडातही पाणी घुसवतो.

तरीही उगम सापडला नाही तर हवा उलटी वापरता येते. खिडक्या आणि दारं बंद करून एका व्हेंटमध्ये पुठ्ठा बसवायचा आणि त्यातून ब्लोअरने आत हवा सोडायची. बेसिनच्या वाकड्या नळीत पाणी भरून ठेवायचं, बाकीच्या झडपांवर चिकटपट्टी लावायची. दाब अगदी थोडा हवा, दार हाताने सहज उघडता आलं पाहिजे. मग एक लिटर पाण्यात भांडी घासायचं दोन चमचे लिक्विड मिसळून जोडांवर फवारायचं. जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे उठतात. सकाळी लवकर करावं, उन्हात साबण लगेच वाळतो. बुडबुड्यांच्या जागी पेन्सिलीने खूण करावी, कारण पाच मिनिटांत काहीही दिसेनासं होतं.

एक गोष्ट विसरू नये. गॅस सिलिंडरच्या कप्प्याला आणि फरशीला तळाशी भोकं ठेवलेली असतात, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तिथून बाहेर पडतो. चाचणीपुरती ती झाकली असतील तर चाचणी संपताच उघडावीत. ही भोकं कायमची बुजवलेल्या गाडीत कुणी झोपू नये.

## सिलिकॉन का नको?

कारण ते दुकानात सगळ्यात आधी हातात येतं आणि पुढची दुरुस्ती सगळ्यात अवघड करून ठेवतं. सिलिकॉनचा तेलकट अंश पृष्ठभागावर राहतो आणि त्यावर दुसरं कुठलंही सीलंट नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना आम्ल सोडतं आणि पत्र्याला गंज चढवतं. एपॉक्सी पुट्टी तर दगडासारखी कडक होते. पत्रा दोन मिलिमीटर हलला की ती तडकणारच. डांबरी पट्ट्या रबराच्या छपराला फुगवतात, तिथे त्या चालणार नाहीत.

लागतात त्या दोन गोष्टी. पहिली ब्यूटाइल टेप: च्युइंगमसारखी चिकट, कधीच न सुकणारी पट्टी, वस्तूच्या कडेखाली दाबून बसवायची. २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड घ्यावी. दुसरी, वरून लावायचं सीलंट. उघड्या उन्हात एमएस पॉलिमर जातीचं सीलंट चांगलं टिकतं. पॉलियुरेथेन धरतं घट्ट, पण उन्हाने वरून भुरभुरतं आणि ओल्या प्लायवर लावलं तर त्यात फोड येतात. प्लास्टिकच्या घुमटाला काही सीलंटमुळे चिरा जातात, म्हणून नळीवर त्या प्लास्टिकचं नाव आहे का ते वाचावं. सपाट जागेवर आपोआप पसरणारं सीलंट आणि उभ्या जागेवर न ओघळणारं. नळीवरची मुदतही पाहावी. किनाऱ्यावरच्या दमट दुकानात वर्षभर पडलेली नळी आतून घट्ट झालेली निघते.

किती लागेल? ३०० मिलिलिटरच्या नळीतून ६ मिलिमीटर जाडीची रेघ ओढली तर साधारण दहा मीटर निघते. छपराच्या कडेला मात्र १० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर उंच थर हवा, तो एका नळीत सहा मीटर होतो. पाच बाय दोन मीटरच्या छपराची कड १४ मीटर. म्हणजे कडेला अडीच नळ्या आणि व्हेंट, हवानळी, सोलरचे पाय धरून चार नळ्या आणाव्यात.

## एक व्हेंट, पहिल्यापासून शेवटपर्यंत

जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावं. लोखंडी पट्टीने फायबरवर ओरखडे पडतात आणि रबर फाटतं. घट्ट बसलं असेल तर हीट गनने हलकेच ऊब द्यावी. स्क्रू काढून व्हेंट पूर्ण उचलावं. इथेच लोक आळस करतात आणि वरून लेप देऊन मोकळे होतात, पण पाणी स्क्रूच्या भोकातून जात असेल तर वरच्या लेपाने ते फार दिवस अडत नाही.

उघड्या पडलेल्या प्लायला टोच्याने टोचून पाहावं. टणक लागलं तर ठीक, पण ओलं असेल तर पूर्ण वाळेपर्यंत थांबावं. मग साबणाच्या आणि गोड्या पाण्याने पत्रा धुवावा. किनाऱ्यावर ही पायरी गाळून चालत नाही. डोळ्यांना न दिसणारा मिठाचा थर हवेतली ओल ओढून घेतो आणि त्यावर चिकटवलेलं काहीही काही महिन्यांत सुटतं. वाळल्यावर धातू आणि फायबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं आणि ते पुरतं उडून जाऊ द्यावं, कारण अल्कोहोल उरलं तर पॉलियुरेथेन नीट आवळत नाही.

व्हेंटच्या कडेखाली ब्यूटाइल टेप चारही बाजूंनी लावावी, टोकं एकमेकांवर २० मिलिमीटर चढवून, आणि व्हेंट बसवावं. स्क्रू समुद्राकाठी ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि प्रत्येकाच्या आट्यांना थोडं सीलंट लावूनच घालावेत. त्याने पाणी अडतं आणि ॲल्युमिनियमशी थेट स्पर्शही कमी होतो. भोक सैल झालं असेल तर एका नंबराने जाड स्क्रू घालावा, नाहीतर लाकडाची काडी पाण्यात न विरघळणाऱ्या गोंदात बुडवून ठोकावी. स्क्रू हातानेच, समोरासमोरचे आलटून पालटून आवळावेत. ड्रिलने आवळले की सगळं ब्यूटाइल एकदम बाहेर पिचकतं आणि प्लास्टिकची कड तडकते. सगळ्या बाजूंनी बारीक रेघ बाहेर डोकावली की थांबावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव आटा आवळावा, कारण ब्यूटाइल रात्रभरात आणखी पसरलेलं असतं.

बाहेर आलेलं ब्यूटाइल कापून मग वरून सीलंट. कड आणि पत्रा, दोन्हींवर किमान १० मिलिमीटर चढलं पाहिजे. प्रत्येक स्क्रूचं डोकं झाकलं गेलं पाहिजे. २४ तासांत ते साधारण ३ मिलिमीटर खोलवर पक्कं होतं, म्हणून जाड थराला दोन-तीन दिवस पाऊस आणि प्रवास दोन्ही टाळावेत.

हे काम घर शाकारायच्या वेळीच करावं. एप्रिलात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी दव वाळल्यानंतर किंवा चारच्या पुढे. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर सीलंटवर लगेच साय धरते आणि खाली हवा कोंडते.

## सगळ्या छपरावर वॉटरप्रूफिंगचा रंग मारला तर?

जोड आधी दुरुस्त केले असतील आणि छप्पर पूर्ण कोरडं असेल तर रंगाचा फायदा आहे. ऊन परततं, सीलंट जास्त टिकतं. पण गळती थांबवायला रंग मारणं चुकीचं. गच्चीसाठी बनवलेला थर हलत्या जोडावर तडकतो, आणि आत ओल असताना मारला तर ती बाहेर पडायची वाट बंद होते. प्लाय वरून चांगलं दिसत राहतं आणि आतून कुजतं.

## ताडपत्री घातली की झालं ना?

छपराला घट्ट बांधलेली ताडपत्री वाऱ्यात फडफडते, कोपरे घासते आणि खाली ओल कोंडून ठेवते. चार महिने गाडी उभीच राहणार असेल तर वर पत्र्याचा मांडव घालावा, बाजू उघड्या ठेवाव्यात, मध्ये हात-दीड हात हवा खेळू द्यावी. माडाखाली गाडी लावू नये, नारळ आणि झावळ्या दोन्ही छप्पर फोडतात. पुढचं टोक थोडं उचलून गाडी मागच्या एका कोपऱ्याकडे कलती ठेवावी म्हणजे पाणी साचणार नाही. महिन्यातून दोनदा आत शिरून कपाटं उघडावीत.

## भर पावसात गळायला लागलं तर?

पक्की दुरुस्ती तेव्हा होत नाही. उघडीप मिळाली की ती जागा पुसून, हेअर ड्रायरने वाळवून ॲल्युमिनियमच्या पाठीची ब्यूटाइल टेप दाबून बसवावी, १०० मिलिमीटर रुंद, चारही बाजूंना फटीपेक्षा बरीच पुढे गेलेली. टेपचे कोपरे गोल कापावेत, चौकोनी कोपरा लवकर उचलला जातो. आत त्या भागातला दिवा काढून वीज बंद ठेवावी आणि पाणी कोंडू न देता भांड्यात उतरू द्यावं. दसऱ्यानंतर टेप काढून नीट काम करावं.

## जुनी कॅरव्हॅन घेताना

गळतीचा खरा खर्च सीलंटचा नसतो, कुजलेल्या सांगाड्याचा असतो. म्हणून जुनी गाडी पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात पाहायला जावं. मार्च-एप्रिलात सगळ्याच गाड्या कोरड्या भासतात. दार उघडताच नाकाला काय लागतं ते लक्षात घ्यावं. नुकताच फवारलेला सुगंध असेल तर कपाटांच्या आत, गादीखाली, वरच्या कोपऱ्यांत पुन्हा हुंगावं. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत भिंत अंगठ्याने दाबून पाहावी. आतलं अस्तर फुगलेलं असेल किंवा दाबल्यावर मऊ लागलं तर मागचं लाकूड गेलेलं आहे. एकाच जागेवर नवं कोरं अस्तर चिकटवलेलं असेल तर ते का बदललं ते विचारावं. छपरावर सिलिकॉनचे थरावर थर दिसले तर किंमत त्याप्रमाणे खाली आणावी, कारण ते सगळं खरवडून काढायला दोन माणसांचे दोन-तीन दिवस जातात. फरशी दाराजवळ आणि चाकांच्या वर दबत असेल, तर पाणी भिंतीतून खालपर्यंत पोचलेलं आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये.